बोटाच्या ठशाइतकं

गुंजने श्वास रोखून घंटेच्या आकाराचं आतलं काचेचं झाकण उचललं, बाजूला ठेवलं आणि मगच तोंड फिरवून हळूच श्वास सोडला. चामड्याचं अस्तर लावलेला चिमटा तिने हातात घेतला. समोर तो उभा होता. दोन पेरांएवढा उंच, तेवढाच रुंद, लख्ख धातूचा ठोकळा. देशातलं प्रत्येक वजन, बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या काट्यापासून बंदरावर ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत, शेवटी ज्याच्यापाशी येऊन खरं-खोटं ठरायचं तो मूळ किलो.

"सासूबाईंना जपून हां, बाई," मागून चष्मिश म्हणाला.

चष्मिश म्हणजे नव्या तराजूचा शास्त्रज्ञ. वयाने तिच्याहून बराच लहान, अंगात सतत कसली तरी घाई. ठोकळ्याला सासूबाई हे नाव त्यानेच ठेवलं होतं आणि बघता बघता ते प्रयोगशाळेच्या तळघरात सगळ्यांच्या तोंडी बसलं. बाकीच्यांच्या चुका काढत राहायचं आणि स्वतःची एकही निघू द्यायची नाही, असा त्या ठोकळ्याचा स्वभाव. स्वभाव कसला, कायदाच तो. जगाचा थोरला ठोकळा दूर परदेशात होता, पण तो वर्षानुवर्षं तिजोरीबाहेर येत नसे. त्यामुळे या छपराखाली शेवटचा शब्द याचाच. एखादं वजन याच्याशी जुळलं नाही, तर चूक त्या वजनाची. हा चुकलाय असं म्हणायची सोयच नव्हती.

ती सोय आता झाली होती. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून ठरवलं, की किलो कुठल्या ठोकळ्यावर अवलंबून ठेवायचा नाही. तो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याला, प्लांकच्या स्थिरांकाला, बांधून टाकायचा. आकड्यावर धूळ बसत नाही, आकडा झिजत नाही. तळघराच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला नवा तराजू त्याच कामाचा. त्याच्या दुसऱ्या बाजूला वजन नव्हतंच. तिथे होतं तारेचं वेटोळं, चुंबक आणि वीज. ठेवलेली वस्तू तोलून धरायला किती वीज लागते ते मोजायचं आणि त्या आकड्याच्या आधाराने तिचं वजन काढायचं. आजवर सगळ्यांना या ठोकळ्याशी तोललं गेलं. हे काही दिवस मात्र तोच काट्यावर बसत होता, आणि आजची फेरी शेवटची.

गुंजने ठोकळा चिमट्यात धरला. दुसरा हात नकळत पाठीमागे गेला. या खोलीत मोकळा हात पाठीमागे ठेवायचा, ही बाबांची शिस्त. बाबा म्हणजे तिचे वडील, या ठोकळ्याचे तिच्या आधीचे राखणदार. त्यांना सगळी प्रयोगशाळा काटेकाका म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे. घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं की समोरच्याला आपल्यात काय कमी आहे ते आपोआप कळायचं. आईच काय ती त्यांची चेष्टा करू शकायची. पहिला मुलगा बाळसेदार, म्हणून त्याचं नाव आईने तोळा ठेवलं. मुलगी मूठभर जन्मली, तिला गुंज. शाळेच्या दाखल्यावरची नावं वेगळी होती, पण ती दाखल्यावरच राहिली.

दुपारी तराजूच्या खोलीतून चष्मिश जवळजवळ पळतच आला.

"बाई, सासूबाई हलक्या निघाल्या!"

"किती?"

"चाळीस. मायक्रोग्रॅम. कमी."

"वर-खाली?"

"दहाच्या आत. म्हणजे शंकाच नाही. सगळ्या फेऱ्या तेच सांगतायत."

मोजणाऱ्या माणसाने नुसता आकडा सांगायचा नसतो. आपण किती वर-खाली चुकू शकतो, तेही त्याच्या जोडीने सांगायचं. काटेकाकांचा हा पहिला धडा. चष्मिशला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तरी तो धडा त्याच्यापर्यंत पोचला होता.

तो काहीतरी उत्साहाने बोलत होता, बातमी कुठे कुठे कळवायची, कोण कोण चाट पडेल. गुंजने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे. तू जा, चहा घे."

चाळीस मायक्रोग्रॅम म्हणजे डोळ्याला काहीच नाही. गुळगुळीत धातूला उघडं बोट लागलं, तर जो ठसा उमटतो त्याचं वजन साधारण तेवढं भरतं. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या घरातला माणूस तेवढ्यावरून घर सोडून गेला होता.

दादा, म्हणजे तोळा, तेव्हा बाबांच्या हाताखाली नुकता लागला होता. मूळ ठोकळ्याच्या बरोबरीने घडवलेले काही जोडीदार ठोकळे असतात. रोजच्या कामाला ते वापरायचे, म्हणजे मूळचा झिजत नाही. अधूनमधून त्यांना मूळ ठोकळ्याशी ताडून बघायचं, ते काम दादाकडे आलं. त्याच्या मोजणीत सगळेच जोडीदार जड भरले, आणि सगळे जवळजवळ सारखेच. चाळीसच्या आसपास. दादाने सरळ हिशेब मांडला. इतके सगळे एकदम आणि एकसारखे कसे वाढतील? त्यापेक्षा मधला एकच घटला असेल. भर समितीपुढे तो हे बोलला. त्यावर काटेकाकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"किलो घटत नसतो," ते म्हणाले. "यांनी जोडीदार उघड्या हाताने धरलेले दिसतात."

"मी हात लावला नाही," दादा म्हणाला.

घरी आल्यावर जेवताना तो पुन्हा म्हणाला, "बाबा, मी हात नाही लावला." बाबा जेवत राहिले. गुंज तेव्हा कॉलेजात होती. दादा खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने भाजीचं भांडं पुढे सरकवलं, बोलली काहीच नाही. थोड्याच दिवसांत दादाने नोकरी सोडली, मग शहरही सोडलं. पुढे त्याच्याच रिकाम्या खुर्चीवर गुंज येऊन बसली. किती हुशार निघाली धाकटी, असं सगळे म्हणाले. त्या कौतुकाची तिला आजही लाज वाटायची.

दादाने लांब दुसऱ्या शहरात बेकरी टाकली. आई वर्षातून एकदा त्याच्याकडे जाऊन राहायची. बाबा कधी गेले नाहीत, आणि जाऊ नका असं त्यांना कुणी म्हणालंही नव्हतं. या दोघांचे निरोप आईच इकडून तिकडे पोचवायची, जरा धुऊन पुसून. 'तब्येतीला जप म्हणालेत तुझे बाबा,' असं ती फोनवर सांगायची तेव्हा बाबा समोर पेपर वाचत असायचे आणि त्यांनी तोंड उघडलेलं नसायचं. आई गेली तेव्हा दादा आला होता. सगळं होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीशी उभा राहिला, आणि दिवस कलायच्या आत परत निघून गेला.

गुंजने तळघराच्या जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

"बोल गुंजे. पटकन बोल, हात पिठात आहेत."

"दादा, मूळ ठोकळा नव्या तराजूवर घेतला."

पलीकडे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी ट्रे मोजत होतं.

"बरं. मग?"

"कमी भरला. चाळीसने."

"थांब रे जरा," तो ट्रे मोजणाऱ्याला म्हणाला. मग हसला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं.

"वर-खाली?"

"दहाच्या आत."

"छान," तो म्हणाला. "छान मोजलंत." आणि थोडं थांबून, "बाबांना सांगितलंस?"

"अजून नाही. घरी गेल्या गेल्या विचारतील. रोज विचारतात. पडल्यापासून त्यांना दुसरं सुचतच नाही."

"मग सांगू नकोस."

"दादा!"

"दादा काय? अगं, अंथरुणातला माणूस. आता त्यांच्या डोक्यात हे घालून काय करायचंय? बरोबर एक किलो भरला म्हणून सांग. खूश होतील, झोपतील शांत."

"आणि तुझं काय?"

"माझं काय अडलंय? मी पाव भाजतोय."

"तू हात लावला नव्हतास."

"ते मला माहितीच होतं की," दादा म्हणाला. "चल, करपतंय इकडे."

फोन ठेवल्यावर गुंज तिथेच पायरीवर बसली. त्याने चिडावं, आरडाओरडा करावा, 'आत्ताच्या आत्ता सांग म्हाताऱ्याला' म्हणावं, असं तिला मनातून वाटत होतं. तिचंही ओझं तेवढंच उतरलं असतं. तो असा समजूतदार झाला होता ते आपण सगळ्यांनी त्याला एकटं टाकल्यामुळे, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. वरून कुणाची तरी पावलं ऐकू आली तशी ती डोळे पुसून उठली.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. बाबांची खाट खिडकीशी लावली होती. मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांचं जग तेवढंच, खिडकी आणि समोरच्या इमारतीचा गच्चीवरचा कठडा. शरीर पार आटलं होतं. डोकं मात्र तल्लख. दिवसभर सोबतीला असणाऱ्या बाईंनी उशी नीट केली, औषध दिल्याचं सांगितलं आणि त्या गेल्या. गुंजने खांद्यावरची पिशवी अजून उतरवलीही नव्हती.

"किती भरला?"

"बरोबर एक, बाबा."

ती तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायला लागली. बाबांनी मान तिच्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "बरोबर?"

"हो. बरोबर एक किलो."

"वर-खाली किती?"

तांब्या गुंजच्या हातात तसाच कलता राहिला. इतक्या वर्षांत तिने बाजारातून आणलेल्या दुधाचा आकडासुद्धा मनातल्या मनात वर-खाली जोडल्याशिवाय घेतला नव्हता. फक्त आज, आयुष्यात पहिल्यांदा बाबांना खोटं सांगताना, तेवढंच राहून गेलं. आता काहीतरी आकडा सांगून टाकावा म्हणून तिने तोंड उघडलं आणि तिला एकही सुचेना.

"बरोबर एक किलो तर भाजीवाला पण सांगतो," बाबा म्हणाले. "तुला मी असं शिकवलं नव्हतं."

पेला भरून पाणी टेबलावर सांडलं होतं. ती फडकं शोधायला लागली.

"कमी भरला ना?"

"हो."

"किती?"

"चाळीस," गुंज म्हणाली. "दहा वर-खाली."

बाबांनी डोळे मिटले. चष्मा न घातलेला त्यांचा चेहरा तिला अनोळखी वाटला. ती घाईघाईने बोलायला लागली.

"बाबा, तेव्हा तुम्हाला तरी कसं कळणार होतं? व्याख्याच तशी होती. ठोकळा म्हणेल तो किलो. तुमच्या जागी कुणीही असतं तरी तेच म्हणालं असतं. दादासुद्धा म्हणतो, की सांगू नकोस. तो म्हणतो..."

"तो गेल्यावर मी जोडीदार धुतले," बाबा म्हणाले.

"काय?"

"परवानगी यायला वेळ लागला. तोवर तो गेला होता. मग मी धुतले, वाफेवर, स्वतः. दोनदा. ठसे असते तर निघून गेले असते."

फडकं गुंजच्या हातातच राहिलं.

"मग?"

"तेवढेच भरले. चाळीस." बाबांनी डोळे उघडून खिडकीकडे बघितलं. "ठसे नव्हतेच."

"तुम्हाला माहीत होतं."

"जोडीदारांचे आकडे बदलले मी. सगळ्यांचं वजन वाढलंय असं धरलं. नियमाने तसंच करायचं असतं. किलोचा आकडा तेवढा बदलता येत नाही."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं!"

ती इतक्या मोठ्याने त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"रोज वाटायचं त्याला फोन करावा," ते म्हणाले. "तुझी आईही म्हणायची, करा, करा. मग वाटायचं, सांगायचं काय? किलो बरोबर आहे आणि तूही बरोबर आहेस, हे दोन्ही एकदम कसं सांगणार? कुणाला तरी चूक म्हणावंच लागलं असतं."

"आणि तुम्ही ठोकळा निवडलात."

 गुंजने टेबल पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं. तिला त्यांचा इतका राग आला होता की खोलीतून निघून जावंसं वाटत होतं, आणि चादरीखालचे त्यांचे वाळके पाय बघून जाववतही नव्हतं. हा माणूस एवढं ओझं घेऊन रोज सकाळी टाय बांधून कामावर जात होता. आणि आपण? आपण विचारलं असतं तर? भाजीचं भांडं सरकवण्याऐवजी एकदाच, 'बाबा, दादा खोटं बोलत नाही,' एवढं म्हटलं असतं तर? निदान त्या घरात दादाच्या बाजूने एक आवाज निघाला असता.

तिच्या पिशवीतला फोन वाजला. दादा.

"सांगितलंस?" त्याने विचारलं. मागे आता भट्टीचा आवाज नव्हता. दुकान बंद करून तो कुठेतरी बाहेर उभा असावा.

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"बरोबर एक."

"हं." तो जरा घुटमळला. "आणि वर-खाली किती, ते विचारलं नाही त्यांनी?"

गुंजने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"विचारलं," दादाच म्हणाला. "हात्तिच्या. माझ्याच डोक्यात आलं नाही बघ. म्हणजे कळलं त्यांना."

"हो."

"मग? काय म्हणाले?"

गुंजने बाबांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते. पलीकडे कोण आहे हे त्यांना सांगायला नको होतं. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. 'बाबांना फार वाईट वाटलं, दादा,' किंवा, 'ते म्हणाले तब्येतीला जप.' आईने असं किती वेळा सांगितलं असेल, आणि किती वेळा दादाने ते खरं धरलं असेल, किंवा धरल्यासारखं केलं असेल.

"तूच विचार," ती म्हणाली.

तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो बाबांसमोर धरला. बाबांचे दोन्ही हात चादरीखाली गेले. बऱ्याच वेळाने एक बाहेर आला, सुरकुतलेला. तो फोनच्या दिशेने वर उठला आणि बोटभर अंतरावर थांबला.

"बाबा?" फोनमधून आवाज आला.

काटा स्थिर होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, हे गुंजला त्यांनीच शिकवलं होतं. तिने फोन पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.  मग बाबांनी हात पुढे केला आणि फोन धरायला गेले. थरथरतं बोट काचेवर नको तिथे टेकलं. आवाज बंद झाला, पडदा काळा पडला.

"गेला?" बाबांनी घाबरून विचारलं.

"नाही, बाबा. तुमचं बोट लागलं."

त्यांनी हात पटकन मागे घेतला आणि चादरीखाली लपवायला लागले. गुंजने तो हात मध्येच धरला. उघड्या हाताने बाबांचा हात तिने शेवटचा कधी धरला होता, तिला आठवेना. गार होता आणि अगदीच हलका. काळ्या काचेवर बोटाचा ठसा उमटला होता, खिडकीच्या उजेडात रेघ न् रेघ दिसत होती. फडकं शेजारीच पडलेलं होतं.

तिने ठसा तसाच राहू दिला आणि दादाचा नंबर पुन्हा लावला.